डावखुरीचा पाट

लिगोर सरांच्या हातून आता चहा बशीत सांडतो.
म्हणून पॅलेट त्यांनी मला दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुंभाने बांधून,
लोटलीच्या बसथांब्यापर्यंत स्वतः चालत आणून.
मी म्हटलं, सर, हे भोक डाव्या अंगठ्याचं आहे.
मी डावखुरी. अकरा वर्षं बघताय तुम्ही.
म्हणाले, मग उलटी कर.
पाठीवर तिच्या अजून कुणी काही मांडलेलं नाही.

बस आली. एवढंच बोलणं.

उल्हास मेस्ताला पॅलेट हा शब्द पटला नाही.
तो पाटच म्हणत राहिला.
"पणसाचो पाट. आनी मदीं बुराक? बसतलें कोण?"
मी उजवा अंगठा घालून दाखवला.
त्याने भोकाची दुसरी कड पटाशीने तासली,
तिरकी, हाडाला रुतणार नाही अशी,
मधे मधे माझा अंगठा मागून घेत,
बांगडीवाला हात मागतो तसा.

पाठ खरखरीत होती.
ऐंशी नंबरचा पॉलिश कागद, मग एकशेवीस, मग दोनशेवीस,
लाकडाच्या रेषेबरोबर; आडवं नाही.
मांजराला उलटं कुरवाळू नये.
ओलं फडकं फिरवलं
तर सगळे तंतू उभे, अंगावर काटा आल्यासारखे.
घासलं. पुन्हा ओलं. पुन्हा घासलं.
तिसऱ्या वेळी काटा आला नाही.
चाळीस वर्षांच्या तपकिरीखाली
फणस अजून पिवळा होता, गऱ्याचा पिवळा.
मी वास घेऊन पाहिला.
भुसा, नुसता भुसा.

मग अळशीचं तेल.
कोरडं लाकूड आधाशी असतं, आधी त्याला पाजा,
नाहीतर ते रंगातलं तेल पितं
आणि तुमच्या निळ्याचा खडू होतो:
हे सरांचं वाक्य. ते असं चिडून म्हणायचे
जसं कुणाच्या तरी फसलेल्या लग्नाबद्दल.

चमचाभर तेल, जुन्या साडीची चिंधी.
पाव तास थांबायचं, उरलेलं पुसायचं,
वाळलं की परत.
झुआरीवरून येणाऱ्या दमट वाऱ्यात
वाळलं की म्हणजे चौथ्या दिवशी.
अंगठा टेकवायचा, तो चिकटायचा, परत ठेवून द्यायची.
तेलाला घाई नव्हती, मलाही नव्हती
असं मी सगळ्यांना सांगत होते.

एकदा चिंधी चुरगळून डब्यात टाकली.
तासाभराने हात घातला तर गरम,
तापातल्या पोराच्या कपाळासारखी.
धावत नेऊन दोरीवर पसरली, घडी न् घडी मोडून.
सकाळी ती सुक्या बांगड्यासारखी ताठ,
आणि सासूबाई तिच्यापासून मांजर हाकलत होत्या.

दसऱ्याला सुरू केलेलं.
शेजारच्या अल्दोंसाच्या बाल्कनीत नाताळचा कागदी तारा लागला
त्या संध्याकाळी लाकडावर पाण्याचा थेंब सोडला.
तो मुरला नाही. गोल बसून राहिला, हट्टी.
पिवळा केव्हा गेला कळलं नाही;
खाली मधासारखं काही होतं, त्याहून थोडं काळं.

खालची बाजू, सरांची, मी घासली नाही.
तिथे भोकाजवळ पांढऱ्याचा एक खडक आहे.
"रोज संध्याकाळी सुरी फिरव, चार थेंब तेल पूस, मग जेव,"
शंभरदा बजावलं असेल त्यांनी.
एका संध्याकाळी मात्र ते न पुसताच उठले असणार.
कुठली, ते मी विचारलं नाही.
त्यानंतर त्या जागी सुरी चालली नाही.

रंगवताना तो खडक माझ्या उजव्या मनगटाला आतून टोचतो.
दिवस मावळला की मी रंग खरवडते,
चार थेंब तेल पुसते, हात धुते, पानावर बसते.
मनगटावर एक लाल वळ असतो,
आमटी वाढून होईपर्यंत.